तुकडा न देणाऱ्या बायका

माई,

तुझी सून बोलत नाही. मुकी नाहीये ती. "हो", "नको", "पाणी" एवढं म्हणते, पण कोणी दार न उघडता आतूनच ओरडून सांगावं तसं. बाळ झालं, मुलगा झाला, बारसं झालं, गूळ-खोबरं वाटून झालं, नी ही बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ रडतं, ही उठत नाही. आत्या उचलून तिच्या छातीशी लावते, ते पितं, ही वर आढ्याकडे बघत राहते. दहा-बारा दिवसांपूर्वी मला म्हणाली, "ह्याला कोणाला तरी देऊन टाका हो. एखाद्या चांगल्या बाईला." मी हसलो. वाटलं, चला, ही पण मस्करी शिकली. मग तिचं तोंड बघितलं. त्या दिवसापासून मी दुकानात बसत नाही. शिवण घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसतो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. येणारे-जाणारे म्हणतात, "देखो, भियाने नवीन सोंग काढलंय, आता विहिरीला अंगरखा शिवून राहिलाय." मी पण दात काढतो. काय सांगू त्यांना, की इथून मी हललो तर काय होईल म्हणून?

चूक त्यांची नाही. मी नावच तसं कमावलंय. आपल्या देवासात रस्त्याच्या ह्या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती, दोन राजे, दोन वेगळे शिपाई. मी ह्या बाजूच्या हलवायाची जलेबी उचलायची, एक उडी मारून त्या बाजूला जायचं, नी ह्या बाजूच्या शिपायासमोर सावकाश चाटत उभं राहायचं. तो दात खाणार, पण रस्ता नाही ओलांडणार. शाळेत मोडी मला शेवटपर्यंत आलीच नाही, हे बाळबोध कसंबसं लिहितोय, पण असल्या कामात माझा पहिला नंबर. तुझी सून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा दिवस मान वर केली नव्हती. मी नानांची नक्कल करून दाखवली, गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेताना ते श्वास धरतात ती, नी ही पदर तोंडात कोंबून इतकी हसली की आत्याने आतून विचारलं, कोणाला उचकी लागली? तीच ही. आता तिच्यासमोर माझी सगळी सोंगं करून झाली. मामलेदार झालो, लंगडा घोडा झालो, आत्या झालो. ती बघते. नुसती बघते. असं कोणी बघितलेलं मला माहीत आहे, माई. म्हणून तर तुला लिहितोय.

तू हसायचीस ते मला पक्कं आठवतं. चैत्रातली दुपार, तू चुलीपाशी बसलीयेस, कैरीची डाळ वाटतेयस, नी देवळाची घंटा वाजते आहे ती थांबतच नाही. पुजारी झोपेतून उठून धावतो, बघतो तर घंटेच्या दोरीला समोरच्या काकीची बकरी बांधलेली, नी तिच्यापुढे पाल्याची पेंढी थोडीशी लांब ठेवलेली. बकरी मान पुढे करते, घंटा वाजते. पुजारी मला कानाला धरून आपल्या दारात आणतो. तू मला पाठीत धपाटा घालतेस, जोरात, त्याला ऐकू जाईल असा. म्हणतेस, "देवाची मस्करी करतोस? थांब, तुला जेवायलाच घालत नाही." तो गेल्यावर दार लावून घेतेस, खाली बसतेस, नी डाळीचे हात तसेच वर धरून हसतेस, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मग म्हणतेस, "बकरी बिचारी उपाशी राहिली ना रे. जा, तिला पाला घालून ये." असली आई होतीस तू.

नी मग ताई झाली, माझ्याहून धाकटी, पण सगळे तिला ताईच म्हणतात. आता ती धारला नांदते, तुझ्याच माहेरच्या गावात, तलावाजवळच्या आळीत. ती झाली तेव्हा आत्या बाहेर येऊन म्हणाली, "मुलगीच." त्या "च" मध्येच सगळं आलं. नाना उदयनगरच्या जंगलात होते, सरकारी शिकारीच्या तंबूंची डागडुजी करायला दर साली शिंपी लागतो, तसे गेलेले. तुला म्हणे दोन दिवस कळा आल्या. खोलीला काळी घोंगडी लावलेली, आत शेगडी, ओव्याची नी बाळंतशेपाची धुरी, मला आत यायला मनाई. मी घोंगडीखालून सरपटत आलो. डोक्याला फडकं गुंडाळून पुजारी झालो, कान धरला, बकरी झालो, घंटा झालो. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंत असल्यासारखं बघितलंस. मी आणखी जोरात घंटा वाजवली. तू म्हणालीस, "जा बाळा." बास.

सगळे म्हणत होते, उदयनगरच्या जंगलातलं काहीतरी नानांच्या तंबूच्या कापडाबरोबर घरात आलं. बाहेरचं आहे. एक भगत आला, त्याने मिरच्यांचा धूर केला. तू खोकलीस सुद्धा नाही. आत्या सगळ्यांना सांगायची, किती शहाणी आहे माझी वहिनी, बाळंतपणात बायका किती मागण्या करतात, ही तोंडातून शब्द काढत नाही. माई, ह्याच घरात सून बोलली नाही की तिला गुणी म्हणतात. तू मरत होतीस नी सगळी आळी तुझी तारीफ करत होती.

शेवटच्या दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस. उजेड होता, दुपार होती. डब्यातून तुझ्यासाठी केलेला डिंकाचा लाडू काढलास नी माझ्या हातात ठेवलास. मला वाटलं, चला, बरी झाली. तू घागर घेतलीस. मी लाडू खातोय नी बघतोय, घरात पाणी भरलेलं आहे, हंडा काठोकाठ आहे, नी तू घागर घेऊन चाललीयेस. घरात आजपर्यंत एकच सांगतात: पाय घसरला. बाहेर सांगायचं तर ताप आला. तुझ्या सुनेलाही मी तापच सांगितलाय. लहान होतो मी, पण आंधळा नव्हतो.

आता तुझ्या सुनेचं बघ. तिला माहेर म्हणायला सतवासला सावत्र आई आहे, तिने निरोप पाठवला, आमच्याकडे बाळंतपणाची सोय नाही. म्हणून पहिलटकरीण असून ती इथेच राहिली, आत्याच्या हाताखाली. बाळंतपण कठीण गेलं, पण मुलगा आहे. आत्याला कोडंच पडलंय. "मुलगी झाली असती तर समजू शकते," म्हणते, "पोरगा झालाय, खायला तूप आहे, नवरा कठड्यावर बसून पहारा देतो, हिला रडायला झालंय काय?" मी म्हटलं, "आत्या, ती रडत नाहीये. रडली असती तर मी देवीच्या टेकडीवर लोटांगण घालत गेलो असतो." आत्याने परत भगत बोलावला. तो मिरच्या घेऊन गल्लीत शिरला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं नी कानात सांगितलं, थोरल्या पातीचा शिपाई तुला शोधतोय, एक बाई धुराने गुदमरली त्याची फिर्याद आहे. त्याने मिरच्या तिथेच टाकल्या, धोतर वर धरलं, नी रस्ता ओलांडून धाकट्या पातीत पळाला. गल्ली हसली. मी पण हसलो. आत येऊन बघितलं, ही तशीच.

मग आत्याने तो तोडगा काढला. आपल्याकडे नाजूक पोराला पाच लेकुरवाळ्यांच्या जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवतात, तसं तिने बाळंतिणीसाठी शिवायचं ठरवलं. म्हणाली, "हसतखेळत बाळंत झालेल्या पाच बायकांकडून एकेक तुकडा मागून आण. नीट विचारून घे. रडतराऊत बाईचा तुकडा लागला तर उलटं होईल. त्यांचं सुख हिच्या अंगावर उतरलं पाहिजे." मी म्हटलं, ह्यात काय अवघड, शिंपी आहे मी, तुकडे मागणं हाच धंदा. आत्याला विहिरीपाशी तूर निवडायला बसवलं नी निघालो.

पहिली समोरची काकी, माळव्याचीच. तीच, बकरीवाली. घरभर पोरं-नातवंडं, आवाज रस्त्यापर्यंत. हिच्याहून हसरी लेकुरवाळी देवासात नसेल. मी मागितलं. तिने लगेच पेटीतलं जुनं लुगडं काढलं, दातात धरलं फाडायला, नी थांबली. "हसीखुशी वाली को चाहिजे?"

"हो काकी."

तिने लुगडं खाली ठेवलं. "म्हारो मत ले, भिया."

"का? रंग उतरलाय म्हणून? आम्ही कुठे राजाचा शामियाना शिवतोय?"

"थारी लाडी को नुकसान वेगा." लाडी म्हणजे माझी बायको. मग इकडे-तिकडे बघितलं नी आवाज इतका खाली आणला की मला काकीला तसाही आवाज आहे हे पहिल्यांदा कळलं. तिचं पहिलं मूल जन्मून दोन दिवसांत गेलेलं. मग हा थोरला झाला, नी तिला त्याच्याकडे बघवेना. तो रडला की ती जात्यापाशी जाऊन नुसतंच जातं फिरवायची, दाणे न घालता, म्हणजे त्याचा आवाज ऐकू यायला नको. कोणाला सांगितलं नाही. "बाहेर मत केजे," म्हणाली.

मी पुढच्या घरी गेलो. तिथे लगेच मिळाला तुकडा, हसत. त्याच्या पुढच्या घरीही. "अरे, पहिले चार दिवस सगळ्याच रडतात," एक म्हणाली, "दूध उतरतं तसं डोळ्याला पाणी उतरतं, मग आपोआप थांबतं. माझं थांबलं. घेऊन जा." मग एका हवेलीत गेलो, जुन्या कारभाऱ्यांचं घर, बाई जरीचं नेसणाऱ्या. त्यांनी पाठीमागच्या दाराने जरीकाठाचा तुकडा दिला. मी कोपऱ्यापर्यंत पोचलो तर मागून स्वतः आल्या, अनवाणी. "थांब रे. तो परत दे."

मी म्हटलं, "बाईसाहेब, काठ कापून परत देऊ का?"

"काठाचं नाही रे मेल्या. तो तुझ्या बायकोच्या अंगावर नको." त्यांना काही कमी नव्हतं. सासू चांगली, नवरा चांगला, दाई, कुळंबिणी, मुलगी देखणी. नी त्या पडद्यामागे बसून राहायच्या, वाटायचं की सगळं घर कोणा दुसरीचं आहे नी आपण चुकून आलोय. "मला काहीच कमी नव्हतं," त्या म्हणाल्या, "म्हणून तर कोणाकडे सांगायची सोय नव्हती."

माई, खोटा तुकडा देऊन त्या सुटल्या असत्या. कोणाला कळलं असतं? पण तो तुझ्या सुनेला बाधेल म्हणून नाही दिला. नी तुकडा नाही म्हटलं की का नाही हे सांगावं लागतं. मी वेड्यासारखा हिंडलो त्या दिवशी नी दुसऱ्या दिवशीही. पाच तुकडे कधीच झाले होते. मी हसऱ्या बायका शोधत नव्हतोच. चार-सहा घरं टाकली की एक दार असं निघायचं, की बाई हात मागे घेणार. एक पोरगी, अजून स्वतःच खेळण्याच्या वयाची, नवरा व्यापाराला बाहेर असतो, सासू उठता-बसता दुधावरून टोमणे मारते. ती दाराआडून नुसती मान हलवून नाही म्हणाली. एकीला सातव्या महिन्यापासूनच अंधारून आलेलं, बाळंतपणाच्याही आधी. नी तिला प्रत्येक खेपेला तसंच झालं. पहिल्या वेळी झालं होतं तर दुसऱ्या वेळी कोणी का नाही ओळखलं, असं तिने मलाच विचारलं, जसा मी वैद्य. एकीची आई नव्हती, बाळंतपणाला कोणीच नव्हतं. एक तीन दिवस अडली होती. आणि अशाच अडलेल्या, बिनआईच्या, टोमणे खाणाऱ्या दुसऱ्या बायका मला खदखदा हसत तुकडे देत होत्या. तेव्हा हिशोब काही सरळ नाही. पण जिच्यावर एकाहून जास्त गोष्टी पडल्या, ती बहुतेक हात मागे घ्यायची. मी रस्त्यातच उभा राहिलो. कारण मला तू दिसलीस. आजी तुझ्या लग्नाआधीच गेली. धार बैलगाडीने दोन दिवसांवर. नाना जंगलात. दोन दिवस कळा. नी माझ्यानंतर, ताईच्या आधी, जो एक झाला नी राहिला नाही, त्याचं तर घरात कोणी नावच काढत नाही. जंगलातून काही आलं नव्हतं, माई. सगळं ह्या घरातच होतं, तुझ्या उशाशी.

मी परत फिरलो. काकीकडे, बाईसाहेबांकडे, त्या पोरीकडे, जिने जिने नाही म्हटलं तिच्याकडे. म्हटलं, मला तोच द्या. तुमचाच पाहिजे. काकीने तर झाडू उगारला. "बावळो व्हई ग्यो कईं? मरवई नाखेगा उके!" मी तिच्या पायाशी बसलो. मस्करी सुचली नाही. म्हटलं, "काकी, ती मरूनच राहिलीय. हसऱ्या बायकांचं तिला काय करायचंय?" काकीने झाडू खाली टाकला. मग लुगडं काढलं नी चांगला हातभर फाडला.

नाना दुकानातून आले तेव्हा मी जोड घालत होतो. रंगीत ढीग बघून म्हणाले, "आत्याने पाच सांगितले होते."

"जास्त मिळाले."

ते माझ्या टाक्याकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, "नाना, माईला जे झालं होतं..."

"पाय घसरला तिचा," ते म्हणाले. मग खाली बसले, सुईत दोरा ओवला नी दुसऱ्या टोकाकडून जोड घालायला लागले. दुपटं पुरं होईपर्यंत उठले नाहीत. त्यांचा टाका अजून माझ्यापेक्षा बारीक आहे.

आत्याला मी सांगितलं, सगळे हसऱ्यांचेच. ती खूश झाली, हळदीचं बोट लावलं. मी ते नेऊन तुझ्या सुनेच्या पायांवर घातलं नी बाजेजवळ बसलो. सोंग नाही, नक्कल नाही. बऱ्याच वेळाने तिचा हात जरीकाठावर गेला. "हा एवढा भारी कोणी दिला?" महिनाभरात तिने आपणहून काही विचारलं नव्हतं. खोटं तोंडाशी आलं होतं, पण मी खरं सांगितलं. "दिला नाही. नको म्हणत होत्या. मी मागून घेतला." का नको, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने भिंतीकडून तोंड फिरवलं. मग दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ही?" ती पण. "नी ही?" काकी. "काकी? समोरच्या?" काकी. रिकामं जातं फिरवायची. तुझी सून उठून बसली, दुपटं दोन्ही मुठीत धरलं, नी रडली, माई. मोठ्याने. आत्या धावत आली, मी दार लावून घेतलं. "मला वाटलं, माझ्या पोटातून आई निघालीच नाही," ती म्हणाली, "नुसतं मूल निघालं." मग विचारलं, "त्यांना बरं वाटायला किती दिवस लागले?"

मी म्हटलं, कोणाला एक पावसाळा, कोणाला वर्ष.

"वर्ष," ती म्हणाली, बैलगाडीने कुठे लांब जायचं असावं तसं. मग म्हणाली, "पण सगळ्या बऱ्या झाल्या ना?"

मी म्हटलं, "सगळ्या."

आज सकाळी तोंड परत भिंतीकडे होतं. बरी झाली वगैरे काही नाही. बाळाला मागितलं नाही, लाडू तसाच वाटीत. पण दुपारी काकी आली, बोलावलं नव्हतं तरी, नी बाजेच्या पायथ्याशी बसून मटार सोलत राहिली, बाळाला मांडीवर घेऊन.  तुझी सून तिच्या हातांकडे बघत होती. उद्या ती पोरगी पण येईन म्हणालीय, सासूची नजर चुकवून. ताईलाही दिवस गेलेत. तिला मी धारला निरोप धाडलाय, दिवस भरत आले की इकडे ये, मी आणायला येतो. तू जे भोगलंस ते तिच्या रक्तातही असलं तर तिने तिकडे एकटीने राहू नये. मला अजून भीती वाटते. सुई धरतो तर बोटात घुसते.

हे कागद शेगडीत घालीन. तुझ्या सुनेला बाळबोध वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं, नी ते तिच्या हातात पडायला नकोत. ती वर्ष मोजते आहे, तिला मोजू दे. "सगळ्या" म्हणालो, माई, तेव्हा मी तुला त्यांच्यात धरलं नाही.